वय न विचारणारा स्लॉट

माझा डेस्कटॉप २०११ सालचा आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, नंतर कधीतरी घातलेले जाडजूड ग्राफिक्स कार्ड आणि मागच्या बाजूला नेटवर्कच्या केबलचे एकुलते एक तोंड, एवढ्या भांडवलावर त्याने आजवर विनातक्रार नांदून दाखवले आहे. वायरलेस नावाचा योग त्याच्या पत्रिकेत नव्हता आणि त्याची उणीवही कधी भासली नव्हती, कारण राउटर त्याच्या शेजारीच असे. पुढे घरातल्या खोल्यांची अदलाबदल झाली, राउटर एका टोकाला राहिला, माझे टेबल दुसऱ्या टोकाला गेले, आणि दोन दारांच्या फटींतून केबल ओढत नेण्याचा माझा प्रस्ताव घरात एकमताने फेटाळला गेला.

सुरुवातीला एक यूएसबी डोंगल लावून पाहिले. नखाएवढ्या त्या डोंगलच्या वेष्टनावर १५० मेगाबिट असा आकडा छापलेला होता; प्रत्यक्षात पडद्यावरच्या खिडकीत ७२ दिसत, आणि दार लावले की तेही टिकत नसत. यात डोंगलचा दोष किती आणि त्याच्या जागेचा किती, हे सांगणे अवघड आहे, कारण ते कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे लोखंडी पेटी आणि भिंत यांच्या बेचक्यात बसलेले होते. माझ्या भाच्याने हा सगळा प्रकार पाहिला आणि म्हणाला, ‘मामा, या पेटीला आता निवृत्ती द्या.’ त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण ज्या यंत्राचे सगळे अवयव धड आहेत, त्याला केवळ एक केबल पोहोचत नाही म्हणून घराबाहेर काढायचे, हे माझ्या मनाला पटेना. तेव्हा आतच वायरलेस कार्ड बसवायचे ठरले, आणि बसवायचेच तर नव्या पिढीचे, म्हणजे वाय-फाय ६ चे.

आजकालची बहुतेक वायरलेस कार्डे मुळात लॅपटॉपसाठी बनवलेली असतात. बोटाच्या दोन पेरांपेक्षा लहान अशी ती एम-डॉट-टू आकाराची पट्टी असते, आणि डेस्कटॉपसाठी तीच पट्टी एका मोठ्या कार्डावर स्क्रूने बसवून देतात. म्हणजे आपण ज्याला डेस्कटॉपचे वायरलेस कार्ड म्हणतो, ते बहुधा लॅपटॉपच्याच कार्डाला चढवलेला मोठ्या मापाचा अंगरखा असते. मी पट्टी आणि अंगरखा वेगवेगळे मागवायचे ठरवले, आणि तिथेच फसता फसता वाचलो. इंटेलचे एएक्स २०० हे कार्ड २०१९ सालचे. त्याच्याच शेजारी एएक्स २०१ मिळते. आकार तोच, चेहरामोहरा तोच, वेगाचे आकडेही तेच. फरक शेवटच्या एका अंकाचा. मला सहज वाटले की २०१ हे २०० ची सुधारलेली आवृत्ती असणार, तेव्हा तेच घ्यावे. प्रत्यक्षात २०१ हे अर्धेच कार्ड आहे. रेडिओचा भाग तेवढा पट्टीवर असतो आणि बाकीचे डोके इंटेलच्याच नंतरच्या काही चिपसेटांच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या, पोटात बसवलेले असते. ते जिथे नाही तिथे ही पट्टी म्हणजे नुसता हिरवा तुकडा. एएक्स २१० आणि २११ या जोडीची गोष्टही अशीच आहे. शेवटी शून्य असेल तर कार्ड स्वतःच्या पायावर उभे असते आणि एक असेल तर ते विशिष्ट सासरीच नांदते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरते. ही गोष्ट वेष्टनावर ठळक छापायला काय हरकत आहे, हे मला अजून उमगलेले नाही.

एएक्स २०० ची पट्टी आली, अंगरखा आला, आणि एका दुपारी मी कॅबिनेट उघडले. पट्टीवर अँटेनाच्या तारा जोडण्यासाठी टाचणीच्या डोक्याएवढी दोन सोनेरी तोंडे असतात. तारेचे टोक त्या तोंडावर बरोबर मध्यावर धरून नखाने सरळ खाली दाबायचे असते. ते बसले की ‘टक्’ असा इतका बारीक आवाज येतो की तो कानापेक्षा बोटालाच आधी कळतो. टोक किंचित जरी तिरके असले तरी कड दबते आणि मग जन्मभर ते नीट बसत नाही. अशा जोडण्या पुन्हापुन्हा काढण्या-घालण्यासाठी केलेल्या नसतात. या जातीच्या एका प्रचलित जोडणीला तर कारखान्यानेच तीस वेळांची हमी दिलेली असते. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या त्यातल्या सात-आठ वेळा सहज खर्ची पडल्या असाव्यात. चष्मा कपाळावर सरकवून आणि श्वास रोखून मी ते काम पुरे केले, तेव्हा घड्याळजी लोकांविषयीचा माझा आदर एकदम वाढला.

त्यानंतर जागेचा प्रश्न आला. या कार्डासाठी मदरबोर्डवर दोन आखूड स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचा, होत्या, पण एक ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली पार झाकून गेलेला आणि दुसरा त्या पंख्याचा वाराच अडवील असा. सर्वांत खाली मात्र एक लांब स्लॉट मोकळा होता, आणि पीसीआय-एक्स्प्रेसची, म्हणजे या स्लॉटांच्या पद्धतीची, एक सोय मला तेव्हा फार मोलाची वाटली: लहान कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये खुशाल बसते. एवढेसे कार्ड त्या लांबलचक स्लॉटच्या एका टोकाला जाऊन बसते आणि उरलेली बैठक रिकामी राहते. कोणी कोणाला उठवत नाही.

या स्लॉटची याहून मोठी थोरवी दिसत नाही, कारण ती विजेच्या भाषेत चालते. यंत्र सुरू झाले की कार्ड आणि मदरबोर्ड यांची आधी बोलणी होतात. ही बोलणी, दोघे कितीही नवे असोत, पहिल्या पिढीच्याच गतीने, म्हणजे सेकंदाला अडीच अब्ज ठोक्यांनी सुरू होतात. २००४ सालच्या बोर्डाला जी चाल झेपत होती, तिच्यापासूनच आरंभ करायचा. मग दोघांनाही त्यापुढचे जमत असेल तर गती वाढवायची, न जमल्यास आहे त्या चालीने संसार करायचा. पहिल्या पिढीच्या एका मार्गिकेतून सेकंदाला २५० मेगाबाइट, म्हणजे २००० मेगाबिट, जातात, दुसऱ्या पिढीच्या मार्गिकेतून ५००, म्हणजे ४००० मेगाबिट. माझा बोर्ड दुसऱ्या पिढीचा असल्याने कार्डाच्या कागदावरच्या २४०० मेगाबिटांना तिथे ऐसपैस वाव होता. त्याहून जुन्या, पहिल्या पिढीच्या स्लॉटमध्येही कार्ड अडून बसले नसते. २००० मेगाबिटांच्या वाटेने ते मुकाट्याने गेले असते, आणि घरातल्या कोणालाही त्याचा पत्ता लागला नसता. ज्या समितीने हा नियम घालून दिला, तिच्यात कोणीतरी मोठ्या कुटुंबात वाढलेले असावे, असा माझा संशय आहे.

वयाची चौकशी सुरू होते ती स्लॉटच्या वर, म्हणजे जिथे लोखंड संपते आणि कागदपत्रे लागतात तिथे. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, परवानगी असलेल्या कार्डांची यादीच कोरलेली असते आणि यादीबाहेरचे कार्ड दिसताच यंत्र सुरू व्हायचेच नाकारते. माझ्या बोर्डाला तशी शिस्त कोणी लावली नव्हती, हे माझे नशीब. पण ड्रायव्हरची, म्हणजे कार्डाशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची, कथा निराळी. या कार्डाचा ड्रायव्हर ६४-बिटी विंडोज १० पासून पुढेच मिळतो. विंडोज ७ साठी तो निघालाच नाही. माझ्याकडे १० असल्याने मी त्यातून सुटलो. मात्र विंडोज १० चाही पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत माझ्या प्रोसेसरचे नाव नाही. एएक्स २१० घेऊन सहा गिगाहर्ट्‌झच्या नव्या लहरींच्या पट्ट्याचा लाभ घ्यावा, असा मोह मला झाला होता. पण विंडोजमध्ये तो पट्टा ११ लाच खुला असल्याचे कळले आणि मोह आपोआप आवरला गेला. लिनक्सचा कारभार त्या मानाने सरळ आहे. एएक्स २०० ला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१ आणि २१० ला ५.१० किंवा त्यापुढचे असले की झाले. यंत्र कोणत्या सालचे, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, हा पेच मात्र कोणालाच चुकत नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. मोबाइल यूएसबी केबलने डेस्कटॉपला जोडून त्याचे इंटरनेट उसने घेतले आणि हे लग्न पार पडले. डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे उद्गारचिन्ह गेले, खालच्या कोपऱ्यात पंख्यासारखे चिन्ह उमटले आणि वेगाच्या रकान्यात ८६६ हा आकडा झळकला. माझा राउटर वाय-फाय ५ चा असल्यामुळे त्याच्यापुढे हे कार्डही एक पायरी खाली उतरूनच बोलत होते.

ब्लूटूथचा मात्र मागमूस नव्हता. वेष्टनावर त्याचे निळे चिन्ह ठसठशीत होते, आणि मी तासभर ड्रायव्हरला दोष देत बसलो. खरी गोष्ट अशी की त्या एवढ्याशा पट्टीत दोन वेगळे बिऱ्हाडकरू राहतात. वाय-फायची ये-जा पीसीआय-एक्स्प्रेसने होते, तर ब्लूटूथची यूएसबीने. आणि डेस्कटॉपच्या त्या स्लॉटमध्ये यूएसबीच्या तारा नसतात. त्यासाठी अंगरख्याच्या कडेला एक वेगळे तोंड दिलेले असते आणि तिथून एक बारीक केबल मदरबोर्डवरच्या यूएसबी हेडरला, म्हणजे पिनांच्या पुंजक्याला, नेऊन लावायची असते. ती केबल मी ‘जादा सामान’ समजून प्लास्टिकच्या पिशवीसकट खणात टाकून दिली होती.

आता हेडर शोधणे आले. बोर्डाच्या खालच्या काठाला नऊ-नऊ पिनांचे तीन पुंजके होते आणि तिघेही सारखेच दिसत होते. पुस्तिका कुठे सापडेना, म्हणून मी यंत्र तसेच उघडे ठेवले, वीज काढलेली, आणि काम पुढे ढकलले. दोन दिवसांनी विजेरी घेऊन नीट न्याहाळले, तेव्हा फरक दिसला. पाच-पाचच्या दोन ओळींत एकेक पिन गाळलेली असते. यूएसबीच्या पुंजक्यात ती अगदी कोपऱ्यातली असते, तर समोरच्या आवाजाच्या जोडणीसाठी जो पुंजका असतो त्यात कोपऱ्याच्या अलीकडची. मी केबल नेमकी त्या आवाजाच्या पुंजक्यावर दाबत होतो आणि ती बसत नाही म्हणून जोर वाढवीत होतो. एका बुजवलेल्या भोकाने माझा बोर्ड वाचवला. योग्य जागी मात्र केबल अलगद बसली.

यंत्र सुरू केले. ब्लूटूथ दिसले, हेडफोन जोडला गेला, वाय-फायचा ८६६ चा आकडाही जागेवर होता, आणि एकही संकेतस्थळ उघडेना. जोडणी सुरक्षित नसल्याची लाल सूचना प्रत्येक पानावर येत होती. आदल्या खेपेस सगळे चालत होते आणि या खेपेस मी एकच केबल लावली होती, तेव्हा दोष त्या केबलचा, हा माझा तर्क मला स्वतःला तरी निर्दोष वाटला. मी ती काढली आणि पुन्हा लावली. ड्रायव्हर उडवला आणि पुन्हा चढवला. अँटेना टेबलाखालून उचलून टेबलावर ठेवल्या, सरळ उभ्या केल्या, कारण कांडीच्या अँटेनातून लहरी आजूबाजूला चांगल्या पसरतात आणि टोकाच्या दिशेने जवळजवळ जातच नाहीत. मग आडव्या करून पाहिल्या. प्रत्येक प्रयोगाचे आकडे मी एका फाइलीत टिपत होतो: टेबलावर उभ्या, ८६६, दार बंद, ५८५, पेटीच्या मागे, ३९०. आकडे बदलत होते, लाल सूचना जागची हलत नव्हती.

भाचा आला, माझ्या खांद्यावरून त्याने पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाला, ‘मामा, आज तारीख काय आहे?’

पडद्याच्या कोपऱ्यात १ जानेवारी २०११ होती. बोर्डावरच्या सीआर २०३२ या सेलचे नाव त्याच्या मापावरून पडलेले आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे एक काम. माझ्या यंत्राची वीज वर्षानुवर्षे अशी सलग तुटलीच नव्हती, त्यामुळे तो सेल केव्हाच मेलेला असूनही कोणाला कळले नव्हते. दोन दिवस बिनविजेचे गेले आणि यंत्र आपल्या जन्मसालात परतले. तिथून पाहता जगातल्या प्रत्येक संकेतस्थळाचे ओळख पटवणारे प्रमाणपत्र भविष्यातले होते, आणि ब्राउझरने त्यांच्यावर विश्वास ठेवायला नकार दिला, यात त्याचे काही चुकले नाही.

नवा सेल घातला, तारीख दुरुस्त केली आणि सगळी पाने उघडली. ती आकड्यांची फाइल मी तशीच ठेवली आहे. तिच्या नोंदीत तारीख १ जानेवारी २०११ अशी आहे. म्हणजे माझ्या यंत्राच्या दप्तराप्रमाणे हे कार्ड बाजारात येण्याच्या आठ वर्षे आधीच आमच्या घरात ८६६ ने चालत होते.