पेटीवर ५८, आत साडेचोपन्न

आमच्या भट्टीत पहाटे चारला जाळ लागतो. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या नव्या नाहीत, पण बाहेरच्या माणसाला वाटतं की खवा म्हणजे फक्त दूध आणि खालीवर हलवायचं खुरपं. जळणाकडं कुणाचं लक्ष जात नाही. म्हशीचं साडेचार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा कुठं किलोभर खवा हाती येतो, बाकी सगळं पाणी वाफ करून हवेत सोडायचं असतं. ती वाफ लाकडानं विकत घ्यावी लागते. जाळ मंदावला तर वेळ जातो, भडकला तर खवा खाली लागतो. आणि लागलेला खवा सरमकुंडी फाट्यावरचा व्यापारी नुसत्या वासावरून बाजूला सारतो.

सुबाभूळ भुरकन जळून जाते. निलगिरीचंही तेच. बाभळीचं मात्र बरं असतं, एकदा पेटली की निखारा धरून बसते. चिंच तर त्याहून चिवट, पण ती फोडायची कशी हा प्रश्न असल्यानं आमच्यात कुणी तिच्या नादाला लागत नाही. मला यंदा लागावं लागलं, आणि त्यापायी लाकूड कापायची पेट्रोलवरची मशीन, म्हणजे चेनसॉ, घ्यावी लागली.

मे महिन्यात वळवाचं वादळ झालं. विहिरीजवळच्या दोन बाभळी गेल्या आणि बांधावरची, माझ्या आजोबांच्या वेळची चिंच मुळासकट आडवी झाली. बुंध्याला सुतळी गुंडाळून मोजलं तर घेर नऊ फूट. नऊ फुटाला ३.१४ नं भागा, आडवा छेद साडेचौतीस इंच येतो. खाटकाच्या दुकानात सत्तूर झेलणारा ठोकळा बहुतेक चिंचेचाच असतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला साडेचौतीस इंच म्हणजे काय ते कळेल. (जाता जाता: झाड आपल्या बांधावरचं असलं तरी चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. साग, आंबा, जांभूळ, मोहसुद्धा. आमची वादळानं पडली होती, तरी मी पंचनामा आणि परवानगी हातात येईपर्यंत बुंध्याला हात लावला नाही. आबा म्हणाले, "पडल्याली चिंच काय पळून जातीय का?")

पूर्वी दोन माणसं मोठी आरी घेऊन यायची, एक इकडून ओढणार, एक तिकडून. ती माणसं आता नाहीत. मशीनवाला परांड्याकडून येतो, त्यानं चिंच बघितली आणि फूटभर मागं सरकला. म्हणाला, बाभळी कापून देतो, हिचं तुमचं तुम्ही बघा.

मग दाजींनी मनावर घेतलं. आमचे दाजी फोनवर कशाचाही भाव काढतात. "५८ सीसी, २२ इंची पट्टी, सात हजारात घरपोच. अजून काय पायजे?" मलाही पटलं. पट्टी म्हणजे जिच्याभोवती दातांची चेन फिरते ते लांब पातं, आणि बावीस इंच हा आकडा ऐकायला दांडगा वाटतो. चार दिवसांत पेटी आली, नारिंगी रंगाची मशीन, सोबत एक जादा चेन आणि हातमोजे. बाभळीच्या फांद्या तिनं खरंच लोण्यासारख्या कापल्या. मांडीएवढं लाकूड आलं तरी तक्रार नाही. दाजींच्या मिशीला तीन दिवस पीळ होता.

चौथ्या दिवशी चिंचेला लावली. वरची पांढरी चार बोटं गेली, मग तो काळपट तपकिरी गाभा लागला आणि पट्टी निम्मी आत गेल्यावर चेन थांबली. इंजिन नुसतं रडतंय, चेन जागच्या जागी. जरा वर उचललं की फिरायची, दाबलं की थांबायची. पाऊण तासात चार इंच चीर पडली. क्लचमधून जळका वास आला, नंतर धूर. खाली पडलेला भुसा हातात घेतला तर तो भुसा नव्हता, पीठ होतं. धार चांगली असली आणि जोर पुरत असला तर चेन लाकडाचे कपचे काढते. पीठ पडायला लागलं की समजायचं, कापणं थांबलंय, नुसतं घासणं चाललंय.

भूममध्ये पंप आणि फवारे दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्यानं मशीन उघडली आणि हसायलाच लागला. व्हर्निअरनं सिलिंडरचा आतला व्यास मोजला: ४५.२ मिलिमीटर. पिस्टनची धाव ३४. फोनच्या कॅल्क्युलेटरवर सिलिंडरची आतली जागा काढून स्क्रीन माझ्यापुढं धरली: ५४.५६ सीसी.

"पेटीवर काय लिवलंय?"

"अठ्ठावन्न."

"आत साडेचोपन्न हाय. पण तुमचं दुखणं ह्या साडेतीनात न्हाई. तुम्ही खोंडाला मोठा नांगर जुंपायलाव."

त्यानं मग जे सांगितलं ते मी आधी कुणाकडून ऐकलं असतं तर सात हजार वाचले असते. पट्टीची लांबी म्हणजे ताकद नव्हे, ओझं. बावीस इंची पट्टी लाकडात पूर्ण बुडली की तेवढे सगळे दात एकाच वेळी चरत असतात आणि प्रत्येक दात इंजिनाकडून आपला घास मागतो. मऊ लाकडात घास स्वस्त पडतो, बाभूळ-चिंचेत महाग. त्याच मशीनला १६ किंवा १८ इंची पट्टी लावली असती तर बाभळीपुरती ती चांगली चालली असती. तशी ती आता चालतेही. क्लच बदलला, १८ इंची पट्टी लावली, फांद्या तीच कापते. सगळी मशीन काही खोटी नव्हती, जाहिरात वाढीव होती आणि आम्ही भोळे होतो.

त्यानंतर मी दुकानं फिरलो, बार्शी, धाराशिव, बीड. प्रत्येक ठिकाणी माहितीपत्रक मागितलं आणि सीसीचा रकाना सोडून किलोवॅटचा रकाना वाचला. सीसी म्हणजे भांड्याचं माप, त्यात शिजतं किती ते किलोवॅट सांगतो. एक किलोवॅट म्हणजे साधारण १.३४ अश्वशक्ती. उदाहरणादाखल, स्टिल कंपनीची एमएस २५० ही ४५.४ सीसीची, २.३ किलोवॅट. त्यांचीच एमएस ३८२ ही ७२.२ सीसीची, ३.९ किलोवॅट. भांडं दीडपटीहून थोडं मोठं, ताकद जवळजवळ पावणेदोनपट. हुस्क्वार्ना कंपनीचीही ७० सीसीच्या आसपासची मशीन आहेत, ताकदही तेवढ्याच्याच आसपास. पुढं ९० सीसीच्यापण असतात, पण त्या दिवसभर मोठी झाडंच तोडणाऱ्यांसाठी. मला वर्षातून पंधरा-वीस दिवस काम. शिवाय वजन. पट्टी आणि चेन न धरता सहा किलोच्या वर गेलेली मशीन दुकानात हलकीच वाटते. उन्हात, वाकून, एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत धरून बघा.

मी ठरवलं ते एवढं: ७० सीसीच्या वरची मशीन, पट्टी मात्र २० इंच. साडेचौतीस इंची बुंध्याला वीस इंची पट्टी कशी पुरणार, असं दाजींनी विचारलंच. दोन्ही बाजूंनी कापायचं. वीस आणि वीस चाळीस झाले. थोरल्या पोरानं खडूनं बुंध्याभोवती रेघ मारून दिली, म्हणजे दोन्हीकडच्या चिरा समोरासमोर येतात.

पैसे पहिलीच्या आठपट गेले. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. सौ. एवढंच म्हणाली, "एवढ्यात एक म्हस आली असती." आली असती, खरंय.

दुकान निवडताना मी एकच गोष्ट हट्टानं बघितली: सुटा माल. त्याच्यासमोर उभं राहून विचारलं, चेन फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट आहे का, चेनला तेल देणारा तेलपंप आहे का, एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी? बीडच्या एका दुकानदारानं "मागवून देऊ" असं तीनदा म्हटल्यावर मी चहा पिऊन निघालो. ज्याच्याकडून घेतली त्याच्या भिंतीवर चेनचं रीळ होतं, पट्टीच्या मापानं तो कापून जोडून देतो. भट्टी रोज पेटते, तिला "आठ दिवसांत येईल" चालत नाही. आणखी एक केलं. मशीन गरम होईपर्यंत चालवायला लावली, बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा ओढायला सांगितलं. थंड मशीन कुठलीही सुरू होते. आपल्याकडच्या बेचाळीस अंशात तापलेली मशीन दुसऱ्या ओढीला सुरू झाली तर ती आपली.

विजेवरची का नाही, असं एकानं विचारलं होतं. शेतातली लाइट कधी दिवसा, कधी रात्री. बांधापर्यंत वायर ओढायची आणि तिच्यावरूनच चेन फिरवायची, नको. बॅटरीवरच्या लहान कामाला छान आहेत, आवाज कमी. साडेचौतीस इंच चिंचेसाठी मी त्या बघितल्याही नाहीत.

आता चेनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण अर्धी ताकद तिथं आहे. मोठ्या मशीनला तीन-अष्टमांश इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) चेन येते, वीस इंची पट्टीला माझ्याकडं ७२ ड्राइव्ह लिंक, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्या, आणि दर दोन कड्यांमागं एक असे ३६ दात. अठरा डावे, अठरा उजवे. दातांचे दोन प्रकार दुकानदार दाखवतो, टोकदार कोपऱ्याचा आणि गोलसर कोपऱ्याचा. टोकदार जास्त वेगानं कापतो, पण माती लागली की बसतो. बांधावरच्या झाडाच्या सालीत माती असतेच, म्हणून मी गोलसर घेतला. धार लावायला ५.२ मिलिमीटरची गोल कानस, तीस अंशाचा कोन, प्रत्येक दाताला तेवढ्याच ओढी, आतून बाहेर, परत ओढताना कानस उचलायची. दर टाकीला एकदा. कुऱ्हाडीला धार लावल्याशिवाय रानात न जाणारी आमची माणसं मशीनची चेन महिनाभर तशीच का वापरतात, हे मला कोडंच आहे. दातापुढचा तो छोटा उंचवटा असतो, घास किती खोल घ्यायचा ते तो ठरवतो. कठीण लाकडासाठी तो जास्त घासून बसवू नका, चेन हिसके देते.

या डाव्या-उजव्या दातांची गोष्ट मजेची आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्यानं एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी बघितली. ती उभ्या-आडव्या रेषांची फिकीर न करता सरळ पुढं जात होती, कारण तिचे जबडे डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं चालतात. त्यावरून त्यानं चेनचे दात बनवले. आमच्या परड्यात बाभळीच्या ओंडक्यातून रात्री कुर्रकुर्र आवाज येतो आणि सकाळी खाली पिवळं पीठ पडलेलं असतं. इतकी वर्षं मी त्या अळीला शिव्या देत आलो.

पेट्रोलचं बघा. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल आणि पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल. पहिल्या मशीनच्या पुस्तकात २५:१ होतं, म्हणजे ४० मिली. बाटलीवर खूण करून ठेवा, अंदाजानं ओतू नका. आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी धरायची सवय आहे, तेव्हा मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका. चेनला तेल देणाऱ्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालायचा सल्ला सगळे देतात. त्यातल्या कचऱ्यानं तेलपंप बसतो. मी नवीन तेल घालतो, सौ.ला सांगत नाही.

पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकवायचा नाही. तिथं टेकलं की मशीन उलटी तोंडाकडं येते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. चेनब्रेक त्यासाठी असतो, रोज तपासायचा. हेल्मेट, बूट, पायाला ते जाड आवरण मी घालतो. गडी हसतात, हसू देत.

चिंच आम्ही ओली असतानाच कापली. वाळल्यावर ती दगड होते. आडव्या पडलेल्या खोडाचं वजन कुठं तोललंय ते आधी बघायचं, नाहीतर चीर मिटते आणि पट्टी अडकते. एकदा अडकलीच, लाकडी पाचरी ठोकून काढली. नव्या मशीननं पहिला काप पूर्ण व्हायला किती वेळ लागला ते दाजींनी घड्याळ लावून मोजलं. दोन्ही बाजू धरून अकरा मिनिटं. खाली पडले ते कपचे, पीठ नव्हतं. दाजी काही बोलले नाहीत, एक कपचा उचलून खिशात टाकला.

बुडाकडचा शेवटचा चार फुटांचा तुकडा तेवढा राहिला. त्यात निम्म्यावर गेल्यावर ठिणग्या उडाल्या. कुऱ्हाडीनं उकरून बघितलं तर आत लोखंडी कडी, लाकडानं पूर्ण गिळलेली. आबा काठी टेकत आले, वाकून बघितली. "खिलारी बांधायचो हितं," म्हणाले.

सतरा दात गेले. तुकडा तसाच भट्टीच्या दारात ढकललाय, दूध घालायला येणारे कॅन टेकवून त्याच्यावर बसतात. चेन नवीन आणलीय.