त्सित्सितच्या गाठींमधला हिशेब

हिब्रूत अक्षरंच आकड्यांचं काम करतात. आलेफ १, बेत २, योद १०, काफ २०, कोफ १०० आणि शेवटचं ताव ४००. त्यामुळे प्रत्येक शब्दाची आपसूक बेरीज होते, आणि त्या बेरजेवरून अर्थ लावण्याला गेमात्रिया म्हणतात. 'खाय' म्हणजे जिवंत: खेत ८, योद १०. म्हणूनच ज्यू लोक दान किंवा आहेर १८ च्या पटीत देतात.

१५ हा आकडा मात्र 'योद-हे' (१० आणि ५) असा लिहीत नाहीत, कारण 'योद-हे-वाव-हे' या ईश्वरनामाची ती पहिली दोन अक्षरं. त्याऐवजी तेत-वाव, म्हणजे ९ आणि ६. 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाच्या नावातलं 'तू' हेच.

हा हिशेब हाताने बांधलेला पाहायचा तर तालितच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनेच्या शालीच्या, कोपऱ्यावरची त्सित्सित, म्हणजे दोऱ्यांचा गोंडा, पाहावी. भोकातून ४ दोरे ओवून दुमडले की ८ पदर होतात. त्यातला लांब दोरा, शामाश, बाकीच्यांभोवती फिरवायचा. आधी दुहेरी गाठ, मग ७ वेढे, गाठ, ८ वेढे, गाठ, ११, गाठ, १३, गाठ. एकूण ५ दुहेरी गाठी. ७ आणि ८ मिळून १५, म्हणजे योद-हे; ११ म्हणजे 'वाव-हे', नावाची उरलेली दोन अक्षरं; १३ म्हणजे 'एखाद', एक. 'ईश्वर एक आहे' हे वाक्यच ३९ वेढ्यांत बसतं. ही अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची, रीत. बरेच सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेनकडचे ज्यू, १०-५-६-५ असे वेढे घेतात. वेढ्यांची संख्या हा रिवाज आहे, त्यामुळे मोजताना चूक झाली तरी त्सित्सित बाद होत नाही. चारऐवजी पाच दोरे ओवले तर मात्र होते.

त्सित्सित शब्दाची बेरीज ६००. त्यात ८ पदर आणि ५ गाठी मिळवल्या की ६१३, तोराहतल्या, म्हणजे ज्यूंच्या मुख्य धर्मग्रंथातल्या, आज्ञांची संख्या. पण इथेच नवखा माणूस अडतो. तोराहत हा शब्द एका योदने लिहिला आहे, म्हणजे ५९०! बेरीज नेहमी हिब्रू अक्षरांचीच करायची, आणि कुठलं लेखन धरलं तेही सांगायचं. उच्चारावरून मोजलेला आकडा काहीच सांगत नाही. या १० च्या तुटीवर मध्ययुगीन टीकाकारांचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. तोराहतल्या त्सित्सितच्या आज्ञेच्या उताऱ्यात हा शब्द ३ वेळा येतो, त्यातल्या एकदा पुढे लामेद जोडून. लामेद म्हणजे ३०. ते तिन्ही ठिकाणी दहा-दहा वाटलं की प्रत्येक त्सित्सित ६०० ची होते.