गारगोट्या आणि सायकली
शनिवारी मुलांसह सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट यांसारखे स्फटिक वाढले. विहिरी व दगडखाणी खोदताना आपल्याकडे तेच हाती लागतात. धाकटी हिरव्या ॲपोफिलाइटपुढून हलेना. संध्याकाळ एका लग्नाच्या स्वागत समारंभात गेली, त्याविषयी न लिहिलेलेच बरे.

रविवारी पहाटे गंगापूर रस्त्यावर आम्हा हौशी मंडळींची सायकल शर्यत होती. पुढच्या स्वाराच्या अगदी मागे राहिल्यास वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो, हे ठाऊक असल्याने थोरल्याने शेवटच्या चढापर्यंत माझ्याच आडोशाने दम राखला आणि तिथे मला सहज मागे टाकले.