फाशांवरच्या बेरजा

आज तिसरीच्या वर्गात बेरजेचा सराव फाशांवर घेतला. महाद्वार रोडवरून आणलेले साधे प्लॅस्टिकचे फासे सतरंजीवर टाकायचे, म्हणजे खडखडाट शेजारच्या वर्गापर्यंत जात नाही, एवढीच काय ती पूर्वतयारी. सुरुवातीला मुले एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजत होती. हळूहळू पाचचे ठिपके नजरेनेच ओळखू येऊ लागले. तीन फाशांवर सहा, पाच आणि चार पडले, तेव्हा एका मुलीने पाचाचा फासा बाजूला सारून आधी सहा-चारचे दहा केले आणि मग पंधरा सांगितले. घड्याळ लावून तोंडी बेरजा विचारण्यापेक्षा मला हे बरे वाटते, कारण चुकलेले मूल पुढच्या डावाकडे पाहते, बाईंच्या चेहऱ्याकडे नाही.

खरी रंगत आली ती 2 ते 12 या आकड्यांच्या शर्यतीत. आकडे म्हणजे पैलवान, आणि दोन फाशांची जी बेरीज येईल तो पैलवान एक घर पुढे. कोल्हापूरचीच मुले ती, बहुतेकांनी वजनाला भारी म्हणून 12 निवडला आणि जिंकत गेला 7. "बाई, फासा खोटा आहे!" अशी तक्रार आल्यावर फळ्यावर सगळ्या 36 जोड्या मांडल्या, त्यांत 7 सहा वेळा आणि 12 एकदाच सापडला. उद्या याच फाशांवर गुणाकार घेणार आहे, आणि तिथे 7 येऊच शकत नाही, हे मात्र मी अजून सांगितलेले नाही.