तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या माणसांना खेळायला का लावता?

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, कोणीतरी जवळ येऊन विचारतंच, "मॅडम, मोठ्या माणसांना खेळायला कशाला लावता?" काहींना मनापासून जाणून घ्यायचं असतं. बाकीच्यांना पोरखेळ थांबवा आणि मुद्द्याचं बोला, एवढंच सुचवायचं असतं. इतकी वर्षं मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होत आले. आज पूर्ण सांगते.

आधी माझी बाजू. तुमच्यातल्या अनेकांनी माझ्याकडे तो पेट्यांचा खेळ खेळलेला आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात तयार झालेला. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी साखळी. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. आणि माल यायला खेळातले काही आठवडे लागतात. गिऱ्हाईक सुरुवातीला आठवड्याला ४ पेट्या मागतं, मग ८, आणि शेवटपर्यंत ८च. बदल एकदाच होतो. तरी टेबलावर आधी टंचाई येते, घाबरून सगळे जास्तीची मागणी करतात आणि मग मालाचे डोंगर साचतात. शेवटी मी विचारते, गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल, काढा बरं आलेख. कारखान्यावर बसलेली माणसं उंच लाटा काढतात. मग मी खऱ्या चिठ्ठ्या उलटून दाखवते, आणि इतका वेळ शेजारच्यावर चिडलेली माणसं गप्प होतात. हीच गोष्ट मी फळ्यावर वीस मिनिटांत समजावलेली आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. गप्प कोणी झालं नव्हतं.

म्हणून ‘पोरखेळ’ हा शब्द मला लागतो. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातले अधिकारी १८२४ पासून नकाशावर ठोकळे सरकवत युद्धाचा खेळ खेळत होते. वैमानिक आजही खोट्या कॉकपिटमध्ये बसून इंजिन बंद पडल्याचा सराव करतात. त्यांना कोणी पोरखेळ म्हणत नाही. चूक करायची मुभा जिथे जीव न गमावता मिळते, तिथे माणसं शिकतात. यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे.

पण एवढंच सांगून मी नेहमी थांबते, आणि ते बरोबर नाही.

एका कार्यालयात नवी संगणक प्रणाली शिकवायला गेले होते. वीसेक माणसं, निम्मी तरुण. सकाळी सकाळी वातावरण मोकळं व्हावं म्हणून मी सगळ्यांना गोलात उभं केलं. एकेकाने आकडा म्हणायचा, तीनच्या पाढ्यातला आकडा आला की तोंड बंद ठेवून टाळी वाजवायची. चुकला तो बाद, आणि बाद झालेल्याने एखाद्या प्राण्याचा आवाज काढायचा. नियम माझेच होते. पहिल्याच फेरीत निवृत्तीला आलेले एक गृहस्थ चुकले. ते आवाज काढेनात. नुसते उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मी हसत म्हणाले, "अहो काका, गंमत आहे, काढा की!" कोणीतरी मागून टाळ्यांचा ठेका धरला. मी तो थांबवला नाही. उलट मीही टाळ्या वाजवल्या. त्यांनी कसलासा आवाज काढला. काय काढला ते मला आठवत नाही, पण त्यानंतर त्यांनी खिशातून चष्मा काढून उगाचच पुसला, तो मला आठवतो.

दोन दिवस ते शेवटच्या रांगेत बसले. कीबोर्डला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आठ दिवस रात्री जागून ह्या स्क्रीनचा सराव करत होतो. मला जमत नाही हे कोणाला कळू नये, एवढंच वाटत होतं. ज्यांच्या कामावर मी सह्या करतो त्यांच्यासमोर तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत मला बाद केलंत." पुढे कळलं की त्यांच्या नोंदी एक कनिष्ठ सहकारी करतो. ते माझ्यामुळे झालं असं कोणी म्हणालं नाही. कदाचित नसेलही झालं. पण मला ते झटकता येत नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की खेळ वाईट निवडला, एवढंच. बाद करणारे खेळ सोडले की झालं. बक्षिसं, गुणतक्तेही मी तेव्हाच बंद केले. आता वाटतं, प्रश्न त्याहून खोल होता. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांना खेळताना पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही माकडं चावल्यासारखं करतात, पण ‘हे खरं चावणं नाही’ हेही त्याच वेळी एकमेकांना सांगत असतात. हा निरोप पोचला तरच खेळ. त्या सकाळी मी निरोप दिला होता. त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही, कारण त्यांच्यासाठी ते खरंच चावणं होतं.

लहानपणी आपल्याला हे ठाऊक असतं. दम लागला की ‘टाइमप्लीज’ म्हणायचं आणि कोणी हात लावायचा नाही. लहानग्याला लिंबूटिंबू करायचं, त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांच्या वर्गात मी खेळ आणला आणि या दोन्ही सोयी बाहेर ठेवल्या. वरिष्ठांच्या आदेशावरून आलेला माणूस टाइमप्लीज म्हणणार कसा?

आता मी सुरुवातीलाच सांगते, ज्यांना नको त्यांनी बाजूला बसा, नोंदी ठेवा, काही विचारणार नाही. मला वाटलं होतं, एवढ्याने भागेल. भागत नाही. बाजूला बसतात ती बहुधा तीच माणसं, ज्यांना चुकायची सुरक्षित जागा सगळ्यात जास्त हवी असते. एका वर्गात एक बाई दीड दिवस नुसत्या नोंदी लिहीत होत्या, शेवटच्या फेरीत आपण होऊन कारखान्याच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. जे शेवटपर्यंत उठलेच नाहीत त्यांची सांगत नाही, आणि ते जास्त आहेत.

मग आग्रह करावा का? माझ्यातली जुनी बाई म्हणते, थोडा करावा, माणसं ढकलल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. मी तिला चष्म्याची आठवण करून देते. ती म्हणते, आणि ते कोपऱ्यात बसून कोरडेच घरी गेलेले? त्यांचं काय करणार आहेस? यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

पुढच्या सोमवारी नवा वर्ग आहे. पेट्यांचा खेळ घेणार, हे नक्की. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं, ती ओळ वेळापत्रकात अजून रिकामी आहे.