‘मेंदू वाचणार’ असं लिहिलं आणि पाच आठवडे अडकले

आठवी-नववीच्या मुलांना ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं. यंत्र उसनं मिळालं, सॉफ्टवेअर एका संध्याकाळी बसलं. अडलं ते परवानगीच्या कागदावर.

चूक माझीच. अर्जाचा विषय मी झोकात लिहिला होता: ‘मेंदू वाचणाऱ्या तंत्रज्ञानाची ओळख’. शाळेच्या कार्यालयातून अर्ज परत आला, वर पेन्सिलीने शेरा: ‘विद्यार्थ्यांना शॉक बसेल का?’ खुलासा जोडला. मग विचारणा, मुलांच्या मनातलं कळलं तर ते कोणाकडे राहणार? तिसऱ्यांदा ‘वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा’. कशाचं, ते कोणी सांगेना. मग साहेब रजेवर, मग परीक्षा, मग फाइलच सापडेना. दर सोमवारी मी खिडकीशी उभी आणि आतून तेच उत्तर, "वर गेलंय."

शेवटी ‘वाचन’ खोडून अर्ज नव्याने लिहिला. यंत्र डोक्यात वीज सोडत नाही. चेतापेशींच्या कामातून त्वचेपर्यंत पोचणारा, व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका विजेचा दाब फक्त मोजतं. विचार कळत नाहीत, निदान होत नाही. तास संपला की नोंदी पुसणार. पालकांची सही हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही. मध्येच नको म्हणालं तर डोक्यावरचा पट्टा काढायचा. दोन दिवसांत सही! चिडचिड अजून गेलेली नाही, पण नोंदी कोणाकडे राहणार हा प्रश्न रास्त होता. तो मलाच आधी सुचायला हवा होता.

तासाला पडद्यावर नुसता जाड पट्टा: भिंतीतल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवरच चालवा. (आदल्या दिवशी केस धुऊन यायला सांगा, हे मी विसरले होते.) डोक्याच्या मागे केस सारून इलेक्ट्रोड (वीज टिपणारी चकती) त्वचेला नीट टेकवला, एका मुलीने डोळे मिटले, आणि सेकंदाला दहाएक लाटा उठल्या. उघडले, विरल्या. "परत मिट, परत मिट!" सगळा वर्ग ओरडत होता. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला आणि 1929 मध्ये छापला, हे सांगायचं राहूनच गेलं.

मग एकाने दात आवळले. रेघ पडद्याबाहेर. तो स्नायू, मेंदू नव्हे, म्हटल्यावर मागून प्रश्न आला, "मॅडम, मग मेंदू कुठला आणि जबडा कुठला, हे यंत्राला कसं कळतं?"

तेवढ्यात घंटा झाली. त्या प्रश्नासाठी आणखी एक तास मागितलाय. अर्ज वर गेलाय.