आकड्यात उशिरा आलेली माणसे

कोरोनाच्या साथीत माझ्याकडे एका मोठ्या रुग्णालयातल्या मृत्यूंच्या कागदपत्रांची छाननी करण्याचे काम होते. मी डॉक्टर आहे, पण त्या काळात माझा बहुतेक वेळ रुग्णांच्या खाटेशी न जाता त्यांच्या केसपेपरांसोबत गेला. मृत्यूचे कारण नियमाप्रमाणे लिहिले आहे का, तपासणीचा अहवाल सोबत आहे का, आणि तो मृत्यू कोरोनाचा म्हणून वर कळवायचा का, हे आमची तिघांची समिती ठरवत असे. बाहेर दिसायचा तो फक्त संध्याकाळचा आकडा. तो कसा तयार होतो हे लोकांना कोणी नीट सांगितले नव्हते, आणि त्यामुळे त्यांच्या मनात भीती आणि संशय किती साचला आहे, हे मला एका दिवसात कळले.

आदल्या संध्याकाळी आम्ही मागे पडलेल्या प्रकरणांचा निर्णय पूर्ण करून ते सगळे मृत्यू एकदम कळवले होते. रोजच्या मानाने आकडा कितीतरी पटींनी मोठा दिसला आणि एका रात्रीत इतकी माणसे दगावली, अशी बातमी रात्रीतूनच सर्वदूर गेली. प्रत्यक्षात त्या रात्री वॉर्ड आधीच्या आठवड्यांच्या तुलनेत शांत होते. कळवलेले मृत्यू लाट ऐन भरात असतानाचे, कित्येक दिवसांपूर्वीचे होते. सकाळी मी पोहोचले तेव्हा मदतकक्षातले फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. ज्यांची माणसे आमच्याकडे दाखल होती ते हवालदिल होऊन विचारत होते, की आतली परिस्थिती इतकी बिघडली आहे का, आम्ही त्यांना दुसरीकडे हलवावे का. ज्यांचे कोणी दाखल नव्हते ते संतापून विचारत होते, की इतके दिवस हे मृत्यू तुम्ही का दडवलेत. दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि फोनवर बसलेल्या मुलांकडे दोन्हींचे उत्तर नव्हते.

त्यातला एक फोन त्यांनी माझ्याकडे वळवला. पलीकडे एक स्त्री होती. आवाज थकलेला, पण बोलणे अगदी मुद्द्याचे. ती म्हणाली, "मॅडम, कालच्या आकड्यात माझे बाबा आहेत का, एवढंच मला सांगा. त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले. दाखल्यावर हृदय आणि श्वसनक्रिया बंद पडल्यानं मृत्यू असं लिहिलंय. त्यांना हृदयाचा त्रास कधीच नव्हता. चार दिवस ताप होता, खोकला होता, आणि मग श्वास पुरेना. मग हे कोरोनानं गेले असं का नाही लिहिलं?"

हृदय आणि श्वसन बंद पडणे ही मृत्यूची क्रिया झाली, कारण नव्हे. प्रत्येक मृत्यूत शेवटी हेच घडते. मृत्यूच्या कारणाच्या नमुन्यात पहिल्या भागात ओळीखाली ओळ अशी साखळी लिहायची असते. सर्वांत वर थेट कारण, म्हणजे समजा तीव्र श्वसनरोध. त्याखाली तो ज्यामुळे झाला तो न्यूमोनिया. आणि सर्वांत खाली ज्या आजारापासून हे सगळे सुरू झाले तो, म्हणजे कोविड-१९. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या सहव्याधींनी हातभार लावला असेल तर त्या दुसऱ्या भागात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच याबाबत स्पष्ट सूचना दिल्या होत्या. रुग्णाला आधीपासून दुसरे आजार होते म्हणून कोरोनाचा मृत्यू वगळायचा नाही, आणि तपासणीत विषाणू सापडला नसला तरी लक्षणे जुळत असतील तर संशयित म्हणून वेगळ्या संकेतांकाने त्याची नोंद करायची. नियम चोख होता. प्रश्न होता तो पहाटे तीन वाजता हा नमुना कोण भरतो, याचा.

मी तिच्याकडून वडिलांचे नाव आणि तारीख घेतली. त्यांचे प्रकरण आदल्या दिवशी कळवलेल्या यादीत नव्हते आणि आमच्याकडे प्रलंबितांतही नव्हते. याचा अर्थ ते समितीपर्यंत आलेच नव्हते. मी केसपेपर मागवले. बाधित कक्षातला कागद बाहेर आणता येत नसे, म्हणून परिचारिका प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवत. शेवटच्या पानाचा फोटो मी मोठा करून पाहिला. दोन हातमोज्यांवरून लिहिलेले ते अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेले होते. दाखल केल्याची वेळ मध्यरात्रीनंतरची, बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूची पातळी ६८, घशातला आणि नाकातला नमुना तपासणीला पाठवल्याची नोंद, आणि त्यानंतर काही तासांतच मृत्यू. तपासणीचा अहवाल जोडलेला नव्हता. दाखल्यावर सही करणाऱ्या निवासी डॉक्टरासमोर त्या क्षणी अहवाल नव्हता, आणि न्यूमोनिया लिहिण्याआधी क्ष-किरण प्रतिमा पाहायला त्याला कोणी वेळ दिला नव्हता.

अहवाल शोधायला मी त्या वॉर्डात गेले. नमुना तपासणीला गेल्यावर दोन दिवसांनी अहवाल आला होता आणि ज्या खाटेच्या नावावर तो आला त्या खाटेवर तोवर दुसरा रुग्ण होता. कोणी तरी तो नीट जपून एका फायलीत ठेवला होता. त्या फायलीत तसे आणखीही अहवाल होते. मी इन्चार्ज सिस्टरना काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, हे वेळेवर खाली पोहोचवायला हवेत हे मला कळतं. पण पोहोचवायला माणूस कुठून आणू?"

मी त्यांच्या पाळीत अर्धा तास उभी राहिले, आणि त्या अर्ध्या तासात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला समोरच दिसले. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हे अतिदक्षता विभागातले सर्वसाधारण मानले गेलेले प्रमाण आहे. तिथे एकेकीच्या वाट्याला तीन-चार रुग्ण होते. फुफ्फुसांचा मागचा भाग खुला व्हावा म्हणून अशा रुग्णांना दिवसाचे सोळा-सोळा तास पालथे झोपवतात. ऐकायला हे साधे वाटते. पण घशात नळी, मानेत सलाइन, मूत्रमार्गात नळी असलेल्या बेशुद्ध माणसाला पालथे करायचे तर एक जण डोक्याशी नळी धरून उभा राहतो, दोघे-दोघे दोन्ही बाजूंना, आणि एक जण पंपांच्या वायरी सांभाळतो. नळी तसूभर सरकली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. मी उभी असताना असा एक रुग्ण उलटवला गेला आणि तेवढा वेळ बाकीच्या खाटांजवळ कोणीही नव्हते. पलीकडे जोरदार प्रवाहाने ऑक्सिजन देणारे यंत्र सुरू होते. असे एक यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्राणवायू ओढते, म्हणून तंत्रज्ञ दर तासाला येऊन दाब तपासत होता. संरक्षक पोशाखात घामाने निथळणाऱ्या त्या मुली पाळी संपेपर्यंत पाणीही पीत नव्हत्या.

बाहेरचे लोक खाटा मोजत होते. रोज किती खाटा रिकाम्या, किती व्हेंटिलेटर शिल्लक, हे जाहीर होत होते आणि त्यावरून धीर किंवा धास्ती घेतली जात होती. पण खाट विकत आणता येते, व्हेंटिलेटर मागवता येतो; तो चालवणारी परिचारिका घडायला काही वर्षे लागतात. ताण आला होता तो माणसांवर. आणि ज्या माणसांनी रुग्णाला पालथे करायचे, त्यांनीच नंतर दाखल्याचा नमुना भरायचा होता, नातेवाइकांना फोन करायचा होता आणि अहवाल खाली पाठवायचा होता. त्यामुळे लाट जितकी उंच, तितके कागद मागे पडत. जेव्हा सर्वाधिक माणसे दगावत होती, नेमका तेव्हाच आमचा आकडा वस्तुस्थितीच्या सर्वांत मागे होता. आणि वॉर्डाला जरा श्वास घ्यायला मिळाला, की मागचे सगळे मृत्यू एकदम वर येत. लोकांना दिसले ते याच्या अगदी उलट: भयंकर दिवसांत आकडा कमी, आणि दिवस निवळताना उसळलेला. त्यांनी त्याचा अर्थ लपवाछपवी असा लावला तर दोष त्यांना देता येणार नाही.

हे एका रुग्णालयापुरते नव्हते. वुहानने १७ एप्रिल २०२० रोजी आपल्या मृतांच्या संख्येत एकदम १,२९० ची भर घातली आणि ती ३,८६९ वर नेली. कारणे दिली ती हीच, की सुरुवातीला रुग्णालये क्षमतेपलीकडे गेली होती, काही माणसे घरीच दगावली होती आणि नोंदी उशिरा पोहोचल्या होत्या. उलट ब्रिटनने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, तपासणीत विषाणू सापडल्यानंतर २८ दिवसांच्या आतलेच मृत्यू मोजायचे असे ठरवल्यावर त्यांची जाहीर संख्या पाच हजारांहून अधिकने खाली आली. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा, म्हणजे साथ नसती तर जितके अपेक्षित होते त्याहून अधिक झालेल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे १ कोटी ४९ लाख असा मांडला. त्या दोन वर्षांत देशांनी अधिकृतपणे कळवलेले कोरोनाचे मृत्यू सुमारे ५४ लाख होते. या जादा मृत्यूंत कोरोनाने थेट गेलेले आहेत, आणि रुग्णालये भरलेली असल्यामुळे दुसऱ्या आजारांवर उपचार न मिळालेलेही आहेत.

त्या दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूचा विचार त्या दिवशी मला वारंवार छळत राहिला. कारण दुपारी मदतकक्षात एका मुलाचा फोन आला. आईच्या छातीत सकाळपासून कळा येत होत्या, डावा हात जड झाला होता, आणि आकडा वाचल्यावर तिने रुग्णालयात यायला साफ नकार दिला होता. "तिथं गेले तर परत येणार नाही," असे ती म्हणत होती. फोनवरच्या मुलीने तो फोन मला दिला. मी त्याला सांगितले, की हृदयरुग्णांचा विभाग वेगळ्या इमारतीत आहे, तिथला प्रवेशमार्ग आणि तिथले कर्मचारीही वेगळे आहेत, आणि हृदयविकाराच्या झटक्यात गेलेला प्रत्येक तास हृदयाचा स्नायू कायमचा मारतो. ते निघाले. पण त्या आठवड्यांत तो विभाग निम्मा रिकामा असायचा, हे मला ठाऊक होते. झटके येणे काही थांबले नव्हते. माणसे घरी बसून सोसत होती आणि त्यातली काही घरीच जात होती. त्यांची गणना आमच्या संध्याकाळच्या आकड्यात कधीच होणार नव्हती.

संध्याकाळी समिती बसली. अहवाल, केसपेपरांचे फोटो आणि क्ष-किरण प्रतिमा पाहून त्या गृहस्थांच्या मृत्यूचे मूळ कारण कोविड-१९ असे निश्चित झाले. त्या फायलीतले बाकीचे अहवालही मी सोबत आणले होते. ती प्रकरणेही त्याच बैठकीत घेतली. मी त्यांच्या मुलीला फोन करून सांगितले, की वडिलांची नोंद दुरुस्त होईल, त्यांचा मृत्यू आजच्या यादीत जाईल आणि सुधारित दाखला मिळेल. नोंदीला उशीर का झाला, हेही मी तिला वॉर्डातल्या फायलीसकट सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "म्हणजे बाबांना कोरोना होता हे पंधरा दिवसांपूर्वीच तुमच्याकडे आलेलं होतं? मग आम्हाला कोणी तपासून घ्या असं का नाही सांगितलं? आई त्यांच्या उशाशी बसून होती."

या प्रश्नाने मी सुन्न झाले. मृत्यूचा आकडा ही बातमीसाठीची गोष्ट आहे, असा समज आमच्याकडेही अनेकांचा होता. पण अहवाल फायलीत राहिला तेव्हा त्यासोबत त्या घरातल्या माणसांना शोधून तपासण्याचे कामही राहून गेले होते, आणि तेवढ्या दिवसांत तो विषाणू त्या घरातून आणखी किती घरांत गेला असेल, हे सांगायला काही मार्ग नव्हता. मी आईची प्रकृती विचारली. सुदैवाने तिला लक्षणे नव्हती. तरी घरातल्या सगळ्यांच्या तपासणीची व्यवस्था मी फोनवर असतानाच लावून दिली आणि फायलीतल्या बाकीच्या कुटुंबांना रात्री एकेक करून फोन केले. त्यांतल्या दोन घरांत माणसे आजारी होती. एका घरातल्या आजोबांना त्याच रात्री दाखल करावे लागले. ते पुढे बरे होऊन घरी गेले.

घरी निघण्यापूर्वी मी प्रशासनाला दोन मागण्या लेखी दिल्या. पहिली अशी, की रोजच्या पत्रकात त्या दिवशी कळवलेले मृत्यू आणि त्या दिवशी प्रत्यक्ष झालेले मृत्यू असे दोन वेगळे रकाने असावेत, आणि मागचे मृत्यू जोडले असतील तर ते कोणत्या तारखांचे, हे पत्रकातच लिहावे. ती लगेच मान्य झाली, कारण तिला खर्च नव्हता. तिचा उपयोगही दिसला. पुढे मागील मृत्यूंची भर पडली तेव्हा मदतकक्षात फोन आले, पण ते बहुतेक वॉर्डातल्या रुग्णांची चौकशी करणारे होते. दुसरी मागणी अशी, की प्रत्येक बाधित वॉर्डात फक्त कागदपत्रांसाठी एक लिपिक चोवीस तास असावा, म्हणजे अहवाल, दाखले आणि नातेवाइकांचे फोन हे काम परिचारिकांच्या डोक्यावरून उतरेल. त्या मागणीला मंजुरी आली तेव्हा ती लाट ओसरून गेली होती.